एंजिन मळवताना

वयाची पासष्टी उलटल्यावर मनुष्याने काय करावे, याविषयी आपल्या लोकांनी पुष्कळ सांगून ठेवलेले आहे. तीर्थयात्रा करावी, नातवंडे खेळवावीत, सकाळी फिरावयास जावे, संध्याकाळी देवळात बसावे. वाफेच्या एंजिनाची प्रतिकृती करावी आणि ती फिरविण्यासाठी टर्नटेबल बांधावे, असे मात्र कोणीच सांगितलेले नाही. त्यामुळे गेली चार वर्षे इंदूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, मी जे काही करीत आहे त्याला शेजारी ‘साहेबांचा खेळ’ म्हणतात आणि घरातली मंडळी काहीच म्हणत नाहीत. न म्हणण्याचा अर्थ मला कळतो. परंतु तंत्रनिकेतनात तीस वर्षे मुलांना आरेखन शिकविल्यावर हाताला जी खोड लागते, ती निवृत्तीच्या कागदावर सही केल्याने जात नाही.

एंजिन मीटर गेजचे आहे; ‘वाय. पी.’ जातीचे. ज्यांचे बालपण माळव्यात किंवा खानदेशाच्या सीमेवर गेले त्यांना या अक्षरांचा अर्थ सांगावयास नको. पुढे चार छोटी चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. आणि त्यामागे कोळसा व पाणी वाहणारा टेंडर. १९४९ पासून १९७० पर्यंत ही एंजिने बनत होती, आणि आपल्या मीटर गेजवरच्या उतारूंच्या गाड्या मुख्यतः त्यांनीच ओढल्या. बफरपासून बफरपर्यंत लांबी सुमारे एकोणीस मीटर. मोठ्या चाकाचा व्यास साडेचार फूट. मी माझे प्रमाण एकास साडेबावीस असे धरले, याचे कारण सोपे आहे. पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे रूळ बाजारात तयार मिळतात, आणि पंचेचाळीसला साडेबावीसने गुणले की जवळजवळ एक मीटर भरतो. जर्मनीत १९६८ साली लेहमान यांच्या कारखान्याने याच रुळांवर आपल्या बागेतल्या गाड्या काढल्या, त्या तिकडच्या मीटर गेजच्या होत्या म्हणूनच. त्याच रुळांवर अमेरिकेतली किंवा इंग्लंडातली स्टँडर्ड गेजची गाडी चालवावयाची असेल तर प्रमाण एकास बत्तीस धरावे लागते. आपल्या ब्रॉड गेजवाल्यांना असे भाग्य नाही. त्यांचा पाच फूट सहा इंचांचा रूळ कोणत्याच तयार मापात नीट बसत नाही. मीटर गेजच्या माणसाला आयुष्यात एखाद्या बाबतीत तरी ब्रॉड गेजवाल्यांहून वरचढ ठरल्याचे समाधान मिळावे, ते मला असे मिळाले.

या प्रमाणाने माझे एंजिन पंच्याऐंशी सेंटिमीटर लांब झाले. टेबलावर ठेवले तर टेबल उरत नाही. अंगावर अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा, आत मोटर. उचलताना दोन हात आणि थोडा श्वास लागतो. एवढ्या मोठ्या एंजिनाला फिरवावयाचे कसे, हा प्रश्न चौथ्या वर्षी उभा राहिला.

फिरवावयाचे कशासाठी, असे आजचा मुलगा विचारील. कारण आजची एंजिने दोन्ही तोंडांनी धावतात. टेंडर जोडलेले वाफेचे एंजिन मात्र उलटे चालविले तर ड्रायव्हरला पुढचे नीट दिसत नाही, कोळशाची भुकटी डोळ्यांत येते आणि वेगही आवरता घ्यावा लागतो. म्हणून गाडीचा शेवट गाठला की एंजिन फिरवून परत तोंड पुढे करावयाचे. जागा असेल तेथे रुळांचा त्रिकोण घालीत. नसेल तेथे टर्नटेबल. बंगाल नागपूर रेल्वेची ती प्रचंड गॅरट एंजिने या कटकटीतून सुटलेली होती. मध्ये बॉयलर आणि दोन्ही बाजूंना चाकांचे जुडगे, त्यामुळे पुढे काय आणि मागे काय. त्यांतले ८१५ क्रमांकाचे एंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. पाहिल्यावर मनुष्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मी प्रथम सूचीपत्रे चाळली. परदेशात या छंदाचा व्याप किती मोठा आहे हे त्या पानांवरून कळते. एकास सत्त्याऐंशी या लहान प्रमाणात एकशेतीस फुटी टर्नटेबल तयार मिळते, म्हणजे पूल साधारण अठरा इंचांचा. युनियन पॅसिफिकचे ‘बिग बॉय’ त्यावर मावते की नाही, यावर तिकडचे शौकीन तासन्‌तास वाद घालतात. ते वाद वाचावेत असे आहेत. १९४१ साली ही एंजिने आली तेव्हा खुद्द त्या रेल्वेपुढेही हाच प्रश्न होता. एकशे बत्तीस फूट नऊ इंच लांबीचे हे धूड फिरवावयाला ऑग्डेन व ग्रीन रिव्हर येथे एकशे पस्तीस फुटांची नवी टर्नटेबले घालावी लागली. परंतु हिशेबी माणसे सांगतात की, एंजिनाची बफरापर्यंतची लांबी पाहू नका, पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंतचे अंतर पाहा. बिग बॉयचे ते अंतर एकशे अठरा फुटांच्याही आत आहे. पुलावर फक्त चाके मावली पाहिजेत. नाक आणि शेपूट खड्ड्याच्या काठावरून बाहेर डोकावले तरी चालते, शेजारच्या रुळावर काही उभे नसले म्हणजे झाले.

हे वाचून मला वाटले, आपण शहाणे झालो. आमच्या प्रमाणात एवढा लांब पूल कोणत्याही सूचीपत्रात नव्हता. जे होते ते लहान एंजिनांसाठी. तेव्हा स्वतःच बांधणे आले. मी चाकांचे अंतर मोजले, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडली आणि अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरांचा पूल ठरविला. जागा वाचली, लाकूड वाचले. प्लायवूडचा गोल खड्डा कापला, कडेने गोल रूळ वाकवून बसविला, मध्ये छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर खुंटा. पूल रिकामा असताना करंगळीने फिरे. एंजिन वर चढविले आणि तो जागचा हलेना. जोर लावला तेव्हा पुढच्या टोकाची चाके गोल रुळावर किंचाळली आणि पूल एका अंगाने वाकल्यासारखा झाला. दोन दिवस मी बेअरिंगला दोष दिला, तिसऱ्या दिवशी सुताराला. चौथ्या दिवशी दुपारी, काहीही करीत नसताना, मला नानांचा आवाज आठवला: “जरा पीछे... और जरा... बस!”

नाना म्हणजे आमचे वडील. माळव्यातल्या मीटर गेजच्या एका शेडमध्ये ते क्लीनर म्हणून लागले, फायरमन झाले आणि पुढे ड्रायव्हर. घाटातली गाडी ते नेत. पाताळपाणी ते कालाकुंड हा उतार चाळीसास एक असा आहे, तेथे ड्रायव्हरचा कस लागतो. शेडमधले टर्नटेबल जुन्या पद्धतीचे होते. सगळा भार मधल्या खुंट्यावर. टोकांची चाके नुसती सांभाळावयाला. एंजिन पुलावर अशा ठिकाणी उभे करावयाचे की त्याचा तोल बरोबर खुंट्यावर यावा. तसा तो आला की शंभर टनांच्या आसपासचे धूड दोन माणसे दांडा धरून फिरवीत. न आला तर सहा माणसांनाही दाद देत नसे. आणि तोलाची जागा रोज निराळी. टेंडरात पाणी किती उरले, कोळसा किती जळला, यावर ती सरकते. ते वजन मोजावयाला काटा नव्हता. पूल किंचित डोलला की कळे, तेवढेच. म्हणून पूल चाकांच्या अंतराहून पुष्कळ लांब लागतो: एंजिनाला हातभर पुढे, हातभर मागे सरकावयास जागा हवी. मी ती जागा काटकसर म्हणून कापून टाकली होती. तीस वर्षे मुलांना गुरुत्वमध्य शिकविणाऱ्या माणसाने!

पहिला खड्डा मोडला. दुसऱ्या पुलाची लांबी नव्वद सेंटिमीटर धरली. तरी एक अडचण उरली. खऱ्या एंजिनाचा टेंडर पाण्याने व कोळशाने जड असतो. माझ्या एंजिनाचे सारे वजन पुढे, टेंडर म्हणजे पितळेचा रिकामा डबा. त्यात शिसे भरावे असा विचार होता. पण टर्नटेबलावर विजेचाही एक घोटाळा असतो. रुळांतून वीज घेणारे एंजिन अर्धा फेरा फिरले की पुलावरचा धन रूळ बाहेरच्या ऋण रुळाला येऊन भिडतो, आणि सगळे बंद पडते. त्यावर दुभागलेली पितळी कडी, आपोआप दिशा बदलणारी यंत्रे, असे उपाय आहेत. मी रुळांतली वीजच काढून टाकली आणि टेंडरात बॅटरी ठेवली. वजनही झाले, घोटाळाही मिटला. हा माझा एकुलता एक शोध. तो माझ्या आधी शेकडो लोकांनी लावलेला आहे हे मला नंतर कळले.

पूल फिरविण्यासाठी दादाच्या मुलाने एक चांगली मोटर पाठविली होती. ठरलेल्या अंशावर थांबणारी. ती अजून खोक्यात आहे. मी दांडाच बसविला.

आता मळविण्याविषयी. या छंदात त्याला वेदरिंग म्हणतात. म्हणजे नव्या कोऱ्या प्रतिकृतीवर ऊन, पाऊस, धूर, गंज यांच्या खुणा उमटविणे. दुकानातून आणलेले चकचकीत एंजिन कितीही बिनचूक असले तरी ते खेळणे दिसते. मळविले की ते एकदम शंभर टनांचे होते. परंतु मळ म्हणजे वाटेल तेथे काळे फासणे नव्हे. प्रत्येक डागाला कारण असते. बॉयलरच्या बाजूला धुण्याची बुचे असतात. तेथून पाणी झिरपते, तापलेल्या पत्र्यावर उडून जाते आणि त्यातला चुना मागे राहतो. म्हणून त्या बुचांखाली पांढऱ्या रेघा सरळ खाली उतरतात. सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोवतीही तसेच. धुराड्याखालची पेटी आतून भाजते, तिचा रंग काळा राहत नाही, राखी होतो. छतावर काजळी. खाली चाकांवर आणि ब्रेकच्या ठोकळ्यांभोवती लोखंडाच्या भुकटीचा तांबूस थर. राखपेटीजवळ राख. टेंडरच्या पाणी भरावयाच्या तोंडाभोवती गंज, कारण तेथे पाणी रोज सांडते. उलट चढावयाच्या पायऱ्या आणि हाताच्या दांड्या घासून उजळलेल्या. चाके जोडणाऱ्या दांड्यांवर गंज कधी दाखवू नये. त्या तेलाने माखलेल्या असतात, धूळ बसली तरी ती काळी, ओलसर, चमकणारी.

हे सारे करावयाचे तर प्रथम एंजिनावर चमक नसलेल्या वार्निशचा पातळ हात द्यावा, म्हणजे रंगाला धरावयास जागा मिळते. काळा म्हणून शुद्ध काळा कधी वापरू नये. लहान वस्तूवर तो भोकासारखा दिसतो, त्यात थोडा करडा मिसळावा. मग मातकट रंग पाण्यासारखा पातळ करून लावावा आणि वाळण्याआधी रुंद कुंचल्याने वरून खाली पुसावा. पाऊस जसा ओघळतो तसा, आडवा कधी नाही. शेवटी रंगांची कोरडी पूड. तीवर पुन्हा वार्निश दिले की निम्मी पूड नाहीशी झाल्यासारखी दिसते, म्हणून आधी थोडी जास्तच घालावी लागते. टेंडरात खरा कोळसा, खलबत्त्यात कुटून चाळलेला. तो खलबत्ता स्वयंपाकघरात परत गेलेला नाही, यावरून घरात काय झाले असेल त्याची कल्पना वाचकांनी करावी.

मी प्रथम डावी बाजू केली. नमुना म्हणून. ती वाळत होती त्या दिवशी दादा भोपाळहून आला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. चार वर्षे या एंजिनाचा निम्मा खर्च त्याने दिला होता आणि त्याबद्दल एकदाही बोलला नव्हता. त्याने खोलीत पाऊल टाकले, एंजिनाकडे पाहिले, आणि चष्मा काढून पुसला.

“हे काय केलंस?”

मी सांगू लागलो. चुना, काजळी, तोल. त्याने मध्येच थांबविले. “नानांचं एंजिन असं होतं? अरे, शेडमध्ये लोक त्यांची चेष्टा करायचे. ‘नाना, एंजिन धुता की लग्नाला नेता?’ म्हणायचे. पितळेत तोंड दिसायचं. तू लहान होतास, तुला काय आठवणार.”

दादाचे म्हणणे खरे होते. त्या दिवसांत ड्रायव्हरला ठराविक एंजिन मिळे, आणि ते त्याच्या नावाने ओळखले जाई. ड्यूटी संपल्यावर नाना तेलात भिजवलेला सुताचा पुंजका घेऊन आणखी तासभर तेथेच असत. आई कपडे सोडा घालून उकळी आणि म्हणे, “एंजिन उजळतं आणि सदरे काळे होतात.” मळ ही नानांना लाज वाटावी अशी गोष्ट होती. दादाने पाहिलेले एंजिन ते. १९६९ साली तो शिकावयास इंदूरला वसतिगृहात गेला, आणि त्यापुढचे जे मी पाहिले ते त्याने पाहिले नाही.

ड्रायव्हरचे डोळे ठराविक काळाने तपासतात. १९७१ च्या तपासणीत नाना उतरले नाहीत. नियम योग्य होता. ते स्वतःही कधी त्याविरुद्ध बोलले नाहीत. लाल दिवा न दिसणाऱ्याच्या हाती पाचशे माणसे देता येत नाहीत. त्यांना एंजिनावरून उतरवून शेडमध्येच काम दिले, टर्नटेबलावर. तोल त्यांच्याइतका कोणाला साधत नसे. ते कडेला उभे राहून हाताने खूण करीत, आणि मग इतरांबरोबर दांड्याला खांदा लावीत. त्यांचे एंजिन दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेले. आठवड्यातून चार-पाच वेळा ते त्याच पुलावर येई आणि नाना ते फिरवीत.

मी अकरा वर्षांचा होतो. दुपारचा डबा शाळेतून येताना शेडमध्ये पोचविणे माझ्याकडे होते. एक दिवस वर्गातला एक मुलगा बरोबर होता. खड्ड्यापाशी पोचलो तेव्हा पूल फिरत होता. नाना वाकून दांडा रेटीत होते, सदरा पाठीला चिकटलेला. मुलाने विचारले, “वो तेरे पिताजी हैं ना? वो तो ड्राइवर थे?” मी म्हणालो, “नहीं। वैसे दिखते हैं।” आणि डबा पहारेकऱ्याकडे देऊन चालू लागलो. पूल तेव्हा आमच्यापासून पंधरा पावलांवर असेल. एंजिन थंड होते, आवाज नव्हता.

रात्री नाना काही बोलले नाहीत. जेवून हात धुताना आईला एवढेच म्हणाले, “उद्यापासून डबा याच्याकडे देऊ नको. लांब पडतं त्याला. शेडचा माणूस येईल.” शेड शाळेच्या वाटेवरच होती.

त्या हिवाळ्यात मी शाळेच्या वाटेवरून, लांबून, ते एंजिन पुष्कळ वेळा पाहिले. ते मळत चालले होते. नव्या ड्रायव्हरला दोष नाही. ठराविक एंजिनाची पद्धतच हळूहळू सुटत होती, आणि जे सगळ्यांचे असते ते कोणी पुसत नाही. पांढऱ्या रेघा बॉयलरवरून उतरल्या, टेंडरच्या कडा तांबूस झाल्या. मी आज जे रंगवितो ते सारे मी तेव्हा पाहिलेले आहे. मला त्यासाठी छायाचित्रे लागत नाहीत. फक्त एक गोष्ट मळली नाही. पूल फिरून रुळाला लागला, खीळ पडली, की नाना खांद्यावरचा गमछा काढीत, पायरीवर चढत आणि कॅबच्या बाजूची क्रमांकाची पितळी पाटी पुसत. एक बाजू. मग खड्ड्याला वळसा घालून दुसरी. तेवढ्यात एंजिन सुटावयाची वेळ होई.

हे मी दादाला सांगितले. पाटीचे आणि त्याआधीचेही. पंचावन्न वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते. आई गेली तिलाही नाही. दादा बराच वेळ एंजिनाच्या डाव्या बाजूकडे पाहत राहिला. माझी पाटीही स्वच्छ होती. ती मळविताना मी तिच्यावर कागद चिकटविला होता. त्याला वाटले होते, ती माझ्या हातून राहून गेली.

“गमछा कोणता? तो हिरव्या काठाचा?” त्याने विचारले.

“हो.”

मग तो म्हणाला, “पुलावर घे बघू.” मी एंजिन पुलावर नेले. दादा खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. गुडघे दुखतात, तरी बसला. “मागे घे. अजून. थांब, जास्त झालं. पुढे, बोटभर.” पूल किंचित डोलला आणि सरळ झाला. त्याने दांड्याला हात लावला. उजवी बाजू समोर आली, चकचकीत, पितळेत खिडकी दिसत होती. दादा तिच्याकडे पाहत काही वेळ बसला आणि मग म्हणाला, “ही पण करून टाक.”

ती अजून झालेली नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत वार्निश पांढुरके पडते, हे मी एकदा अनुभवले आहे. दिवाळीपर्यंत थांबावे लागेल. तेव्हा दादा येणार आहे.